पातळ रेघ, जाड रेघ

"थांब, आधी पेन्सिलीला टोक काढू दे," मी म्हणाले.

"तू टोक काढेपर्यंत ती पोरगी नऊ गाणी म्हणून घरी जाईल," रत्ना म्हणाली.

"जाऊ दे की. मी एकदाच ऐकणार आहे. कोर्टात साक्षीदाराला कुणी 'मागं जा, परत सांग' म्हणत नाही."

मालन चौगुलेनं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि माझ्याकडं बघितलं. निकालाच्या दिवशी पक्षकार असेच बघतात. साहेबांकडं नव्हे, साहेबांच्या शेजारी वही घेऊन बसलेल्या बाईकडं. जसं काही शिक्षा तीच सुनावणार आहे.

मी ती बाई होते. तेहतीस वर्षं जिल्हा कोर्टात लघुलेखिका. मिनिटाला एकशेवीस शब्द, आणि तेहतीस वर्षांत माझ्या मजकुरात एकही दुरुस्ती निघालेली नव्हती. हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी म्हणून दाखवलं होतं, की माझे यजमान हयात असताना मी 'तेहतीस' म्हटलं की चप्पल घालून बाहेर पडायचे.

ही गोष्ट आहे दोन हजार सोळा सालची. मी तेव्हा बाहत्तर वर्षांची होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या घरी दर गुरुवारी चार वाजता आम्ही तिघी जमायचो. रत्ना मगदूमनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्त होताना दोन्ही कान तिथंच ठेवून आली. आता ती कानात यंत्र घालायची, ते सोयीप्रमाणं काढायची. मालन ही मुलींच्या शाळेतली पीटीची बाई. शाळा सुटून चौदा वर्षं झाली होती, तरी ती खोलीत आली की आम्ही दोघी पाठ ताठ करायचो. तरुणपणी आम्ही तिघी एकाच बोळात भाड्यानं राहत होतो, तेव्हापासूनची ही ओळख. ओळख म्हणजे, एकमेकींचं काहीही सहन न करण्याची सवय.

मालनच्या सुनेचं नाव निकिता. गडहिंग्लजची, खाजगी क्लासमध्ये गणित शिकवणारी. मालनच्या अभयशी तिनं स्वतःच जमवलं होतं. ती चार वर्षांची असताना तिचे वडील 'येतो' म्हणून घराबाहेर पडले आणि त्यांनी तो शब्द पाळला नाही. लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावाच्या जागी काय छापायचं, यावर मालनच्या नणंदेनं तीन दिवस चर्चासत्र चालवलं. "जागा मोकळी दिसेल, चारचौघांत वाईट दिसेल." शेवटी मालन म्हणाली, "मोकळी दिसते व्हय? मग माझं नाव दुप्पट मोठं छापा. भरती जागा." तसंच छापलं. दुरून ती पत्रिका निवडणुकीच्या पत्रकासारखी दिसायची.

तर या निकितानं एक अल्बम काढला होता. रॅप का काय ते. अल्बमचं नाव 'रुखवत' आणि गाणारीचं नाव 'चौगुलीण'. निकिता हे नाव काय वाईट होतं? पण नाही. सगळ्या भावकीला मिरची लागेल असंच नाव तिनं शोधून काढलं. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये ती ही गाणी सगळ्यांसमोर म्हणणार होती.

"पाया पडून हातात मोबाइल दिला," मालन म्हणाली. "म्हणाली, आई, ऐका. मी पाच वेळा बसलो ऐकायला. एक अक्षर कळलं न्हाई. आणि वन्सं सांगत फिरताहेत की सातव्या गाण्यात माझा उद्धार केलाय."

"मग तिलाच विचार की."

"आणि 'मला कळलं न्हाई' असं कबूल करू? सुनेसमोर?"

हे मात्र आम्हा दोघींना पटलं.

"तू उतरवून दे, प्रमिला. काय लिहिलंय ते कळू दे. चांगलं असेल तर रविवारी पहिल्या रांगेत बसतो. वाईट असेल तर पोरांनी वेगळं बिऱ्हाड करावं. माझ्या घरात राहून माझीच लाज काढायची आणि पाया पडायचं, हे मला जमणार न्हाई."

मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि म्हटलं, "लाव."

ढोल वाजायला लागले. ढोल कसले, कुणीतरी जिन्यावरून कपाट ढकलत होतं. रत्नाच्या कानातलं यंत्र शिट्टी मारून ओरडलं. तिनं ते काढून बशीत ठेवलं आणि तळहात टेबलावर पसरून बसली.

"असं काय करतेस?"

"हातानं ऐकतो. एवढ्या मोठ्या आवाजाला यंत्र कशाला?" रत्ना म्हणाली. मी वाईची. कोल्हापुरात पन्नास वर्षं काढूनही बाईनं 'मी ऐकतो, मी आलो, मी गेलो' म्हणणं माझ्या कानाला टोचतंच.

आणि मग ती पोरगी बोलायला लागली.

खरं सांगायचं तर माझी तयारी नाक मुरडण्याची होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भराभर बोलणारी माणसं उतरवून घेतली आहेत. त्यातले बहुतेक वकील होते, आणि ते भराभर बोलत कारण सावकाश बोलले असते तर बोलण्यात काही नाही हे लोकांच्या लक्षात आलं असतं. पण या मुलीचं तसं नव्हतं. दुसऱ्या गाण्यात ती म्हणाली,

रुखवतात मांडले लाडू, लाडवात नव्हता पाक,
आत्याबाईंचं कौतुक केलं, तरी मुरडलं नाक!

आणि मालन खुर्चीत एकदम सरळ झाली. "अगं, ही चाल माझी हाय!"

चाल तिचीच होती. तरुणपणी मालनला लोक लग्नात मुद्दाम बोलवायचे, रुखवताच्या गाण्यांसाठी. मुलीकडचे फराळाचं आणि शोभेचं मांडून ठेवतात, आणि मग दोन्हीकडच्या बायका यमक जुळवून एकमेकींची उणीदुणी काढतात. मालन उभी राहिली की समोरच्या पक्षातल्या बायका पाणी प्यायला जायच्या. ही कला आता कुठं राहिली आहे? आता रुखवतात केकचे किल्ले असतात आणि बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून फोटो काढतात.

"पुढं ऐक, पुढं," रत्ना म्हणाली.

पाटावर बसले, ताटावर रुसले, काठावर हसले, वाटेवर फसले...

"चार कोलांट्या मारल्या आणि पडली न्हाई!" रत्नानं टेबलावर थाप मारली. "यमक नुसतं शेवटी न्हाई, मधेमधे पेरलंय. आणि श्वास कुठं घेते गं ही?"

"'रुसले'च्या नंतर," मी लिहिता लिहिता म्हणाले. "तिथं अर्धी मात्रा सोडलीय."

"गणिताची हाय ना," मालन म्हणाली. आवाजात जो होता तो अभिमान होता, पण तिनं तो लगेच खोकल्यात घातला.

तिसऱ्या गाण्यात कुकर होता. "शिट्ट्या झाल्या तीन तरी डाळ राहिली कच्ची, सगळे म्हणती खोटी बोलते, मी एकटीच सच्ची." यावर आम्ही तिघी इतक्या हसलो, की मला दोन ओळी गाळाव्या लागल्या. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. कोर्टात हसण्यासारखं काही नसे असं नाही, पण तिथं हसायचा अधिकार फक्त साहेबांना होता. चौथ्या गाण्याला रत्नानं पायानं ताल धरला. पाचव्याला मालन म्हणाली, "जरा मोठं कर." सहाव्याच्या वेळी चहा गार झाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्हा तिघींची वयं मिळून दोनशे सोळा होती आणि आम्ही एका पोरीच्या बडबडीवर माना डोलवत होतो.

मग सातवं सुरू झालं. मालन उठली आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिली.

गाणं अडीच मिनिटांत संपलं. शेवटच्या शब्दाला ढोल इतका जोरात पडला की बरणीतलं लोणचं हललं.

"सांग," मालन बाहेरूनच म्हणाली.

इथं मला आमच्या लिपीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लघुलिपीत वेग हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी गाळायची. माझा, माझी, माझं, सगळ्यांना एकच खूण. आणि पातळ रेघ काढली की 'प', तीच रेघ जाड काढली की 'ब'. नंतर वाचताना संदर्भ लावायचा. संदर्भ लावता येणं हीच खरी कला, असं आमचे क्लासचे सर सांगायचे. हात कुणाचाही चालतो, डोकं चालायला हवं.

मी डोकं चालवलं.

"चहात साखर चिमटीभर, बोलण्याला नाही माप," मी वाचलं. "शिट्टी सुटली, नोकरी सुटली, सुटली नाही छाप. डोळा वटारला की गल्ली गार, उतरतो भल्यांचा ताप. नाव विचारा, गाव विचारा..."

मी थांबले. शेवटच्या तीन खुणा होत्या. सासू. माझ-काहीतरी. आणि मग एक छोटा शब्द.

"बाप," रत्ना म्हणाली. "सासू माझी बाप."

"रत्ना, तुझं यंत्र बशीत आहे."

"असू दे. हाताला 'ब' लागला. तीस वर्षं 'पवार की बावर' हेच केलं मी."

"सासू बाप कशी असेल? काहीतरी अर्थ नको?"

"पण मला..."

"पाप," मी म्हणाले. "'सासू माझं पाप.' माप, छाप, ताप, पाप. यमक बसतं, अर्थ बसतो." आणि माझ्यातली लघुलेखिका एवढ्यावर थांबली नाही. "ती घाईत 'माझी' म्हणाली असेल, पण 'पाप' नपुंसकलिंगी आहे. मी 'माझं' करून घेतलंय."

गॅलरीतून मालन आत आली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद तिनं घेतला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला.

"चाल माझी आणि पाप पण माझंच," ती म्हणाली. "चांगलं रुखवत मांडलं पोरीनं."

ती गेली. रत्ना यंत्र कानात घालत म्हणाली, "सहाव्या गाण्यापर्यंत किती छान चाललं होतं."

शुक्रवारी मालनचा फोन आला. "तिच्या हातचा चहा घेतला न्हाई मी. अभयला सांगितलं, पुढच्या महिन्यात घर बघा. का म्हणून विचारत होता. म्हटलं, गाणं तुझ्या बायकोनं लिहिलंय, तिला विचार." आणि मग म्हणाली, "तू होतीस म्हणून कळलं, प्रमिला. न्हाईतर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या."

मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. या वयात आपल्या कलेचा कुणाला उपयोग होतो, ही साधी गोष्ट नाही.

शनिवारी सकाळी मी चष्म्याची काडी बदलायला रिक्षानं निघाले होते. चौकात वाहतूक तुंबली होती. मध्ये एक पोलीस बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिच्यासमोर डोंगराएवढी जीप चुकीच्या बाजूनं घुसलेली. बाईनं हात वर केला, एक शब्द बोलली नाही, नुसतं बघितलं. जीप हळूहळू मागं गेली, पार वळणापर्यंत.

"बघा काकी, बघा," माझा रिक्षावाला खूश होऊन म्हणाला. पन्नाशीचा गृहस्थ, मिशा पांढऱ्या. "बाई बाप हाय!"

"काय म्हणालात?"

"बाप हाय म्हटलं."

"बाई बाप कशी असेल?"

त्यानं आरशातून माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "आता काय सांगू तुम्हास्नी. बाप म्हंजे बाप. समद्यांच्या वरचा."

"मग आई म्हणावं."

"आई निराळी, काकी. आई माया करती. बाप म्हंजे ज्याच्या जिवावर आपण गल्लीत उड्या मारतो, त्यो. मग ती बाई का असंना."

मी काडी न बदलताच रिक्षा वळवायला सांगितली.

घरी येऊन वही काढली, भिंग काढलं. सातवं गाणं, शेवटची ओळ, शेवटची खूण. रेघ जाड होती. पहिली, 'ब'ची, दाबून काढलेली, मागच्या पानावर वळ उठलेला; दुसरी, 'प'ची, पातळ. मी नक्की ऐकलं होतं, आणि बाहत्तर वर्षांच्या हातानं नक्की लिहिलं होतं. कान बाप, हात बाप. पाप फक्त डोक्यात होतं. ज्या गावात बाई 'मी आलो' म्हणते, त्या गावात सासू बाप असू शकते, एवढा संदर्भ मला पन्नास वर्षांत लागला नव्हता.

आता करायचं होतं ते सोपं होतं. फोन उचलायचा आणि सांगायचं. म्हणून मी आधी जेवले. मग कपाट आवरलं. मग असा विचार केला, की मालनला नाहीतरी मुलगा वेगळा राहिलेला बरा, आजकाल सगळेच राहतात. माणूस स्वतःला निर्दोष सोडायला किती कमी साक्षीदार घेतो, हे मी कोर्टातही पाहिलं नव्हतं. चार वाजता मी रत्नाला फोन केला.

"रत्ना, तुला त्या दिवशी नक्की काय लागलं होतं हाताला?"

"आता विचारतेस?" ती म्हणाली. "मालन उद्या बाराच्या गाडीनं निपाणीला बहिणीकडं चाललीय. कार्यक्रमाच्या वेळी गावात थांबणार न्हाई म्हणते."

"तू सांगतेस का तिला?"

"मी? माझं यंत्र बशीत होतं की."

रविवारी दहा वाजता मी मालनच्या दारात उभी होते. बैठकीत तिची पिशवी भरून ठेवलेली. मालन खुर्चीत, ताठ. आतल्या खोलीतून भांड्याचा आवाजही येत नव्हता, म्हणजे निकिता घरात होती आणि ऐकत होती.

"मालन, मी चुकले."

"कशात?"

"गाण्यात. ते पाप नाही. बाप आहे."

मालननं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "तू चुकलीस?"

"हो."

"तेहतीस वर्षांत..."

"हो, मालन."

"परत म्हण."

मी परत म्हणाले. तिला गाणं नव्हे, माझं 'चुकले' परत ऐकायचं होतं, हे मला जिना उतरताना कळलं.

"कोण बाप? कुणाचा?"

"तू. तिची."

मालननं पर्समधून तो चार घड्यांचा कागद काढला, उघडला, वाचला. मग आतल्या दाराकडं तोंड करून शाळेतल्या आवाजात हाक मारली, "निकिता!"

निकिता आली. दोन दिवस रडलेली दिसत होती, पण पदराऐवजी हातात खडूचा डबा होता. मालननं कागद तिच्यापुढं धरला. तिनं वाचला, माझ्याकडं बघितलं, परत वाचला.

"हे मी लिहिलेलंच नाही, मावशी."

"माहीत आहे. मी लिहिलंय."

"मग दोन दिवस आई माझ्याशी..."

"तेही मीच," मी म्हणाले. एकदा कबुली द्यायला बसलं की थांबता येत नाही.

"पण बापच का?" मालननं विचारलं. आवाज अजून पीटीचाच होता. "दुसरा शब्द मिळाला न्हाई?"

निकितानं खडूचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "तो माझ्याकडं नुसता पडून होता, आई. घरात दुसरं कुणी वापरत नव्हतं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती.

मालन उठली. पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आणि ते चिमटीभर साखर? ते पण हिनं चुकीचंच ऐकलं?"

"नाही," निकिता म्हणाली. "ते बरोबर आहे."

"मग जा, चहा टाक. दोन चमचे घाल. आज किती घातली ते विचारणार न्हाई."

संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या पैलवानांच्या फोटोंखाली, आम्ही तिघी पहिल्या रांगेत होतो. नणंद मुद्दाम मागं बसली होती, निघून जाताना लोकांना दिसावं म्हणून. सातवं गाणं आलं. शेवटच्या ओळीला निकिता 'सासू माझी' म्हणून थांबली, आणि तीनशे पोरं एका आवाजात ओरडली. त्यांतलं एकही चुकलं नाही. शॉर्टहँड एकालाही येत नव्हतं.

मालन हाताची घडी घालून समोर बघत होती. ओठ न हलवता ती मला म्हणाली, "आता लिहून घे."

नंतरच्या गुरुवारी पुन्हा चार वाजता आम्ही जमलो. आठवं आणि नववं गाणं हॉलमधल्या गोंगाटात नीट ऐकायचं राहिलं होतं. मी पेन्सिल काढली नाही, हे दोघींच्याही लक्षात आलं.

"प्रमिला," रत्ना बशीतली खारी उचलत म्हणाली, "एक विचारू? कोर्टातल्या तुझ्या त्या वह्या. तेहतीस वर्षांच्या. त्या तुझ्याशिवाय कुणाला वाचता यायच्या गं?"

"कुणालाच नाही. ज्याचं शॉर्टहँड त्यालाच..."

माझ्या मजकुरात एकही दुरुस्ती का निघाली नव्हती, ते मला तिथंच कळलं. रत्ना खारी खात होती. मालननं माझ्याकडं बघितलं, पण या वेळी पक्षकारासारखं नाही.

"राहू दे," ती म्हणाली, आणि मोबाइल बरणीला टेकवला. "आठवं लाव. आणि लागेल तितक्या वेळा मागं ने."